आधी कापड, मग कापूस, मग माणसे : सुरतेच्या उपनगरांतील खानदेश

१/
थ्रेड.
२०११च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या ४.६० लाख होती, धुळ्याची ३.७५ लाख आणि सुरतेची ४४.६७ लाख. पहिली दोन शहरे आपण खानदेशची म्हणून मोजतो, तिसरे गुजरातचे म्हणून सोडून देतो. परंतु शिंदखेडा, साक्री, अमळनेर किंवा पारोळा तालुक्यातील एखाद्या गावी जाऊन घरातले कोण कोण बाहेर आहे, असे विचारून पाहावे. उत्तरात सुरतेचे नाव हमखास येते. आणि सुरत म्हणजे बहुधा उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली, गोडादरा किंवा पांडेसरा.

२/
सुरतेच्या दक्षिणेला आणि आग्नेयेला पसरलेल्या या उपनगरांत खानदेशी माणसांची मोठी वस्ती आहे. ती कशी उभी राहिली, याचे प्रचलित उत्तर एका वाक्याचे आहे : दुष्काळ पडला, शेती पिकेना, माणसे कामासाठी गेली. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. दुष्काळ माणसाला घराबाहेर काढतो. बाहेर पडल्यावर त्याने कोणत्या दिशेला जावे, हे तो ठरवत नाही. पुण्याकडे किंवा नागपूरकडे न वळता ही पावले पश्चिमेकडेच का वळली? त्यासाठी सुमारे ४०० वर्षे मागे जावे लागते.

३/
प्रथम नकाशा पाहू. गोदावरी, भीमा, कृष्णा या महाराष्ट्राच्या मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. तापीचे तसे नाही. मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करीत, जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून ती पश्चिमेला जाते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग. या दोहोंमध्ये सापडलेल्या प्रदेशाला समुद्राकडे नेणारी स्वाभाविक वाट पश्चिमेची. खानदेशचा उतारच सुरतेकडे आहे.

४/
या उतारावरून राजकारण आणि व्यापार दोन्ही चालले. १३८२ ते १६०१ या काळात खानदेशावर फारुकी घराण्याची सत्ता होती. त्यांची राजधानी आधी थाळनेर आणि पुढे बुऱ्हाणपूर, दोन्ही तापीच्या काठी. अकबराने १५७३मध्ये सुरत घेतली आणि १६०१मध्ये असीरगड. त्यानंतर बंदरापासून बुऱ्हाणपूरपर्यंतचा सगळा रस्ता एकाच साम्राज्याच्या छत्राखाली आला आणि मुघल हिंदुस्थानातील एक प्रमुख व्यापारी मार्ग ठरला.

५/
सुरत, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, बुऱ्हाणपूर. ही नावे एका दमात वाचावीत, कारण सतराव्या शतकातील प्रवासी याच क्रमाने ती लिहितात. इंग्रजांचा वकील सर थॉमस रो १६१५मध्ये सुरतेस उतरला आणि याच वाटेने बुऱ्हाणपुरास गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये नवापूरच्या तांदळाची आवर्जून नोंद करतो : त्या भाताला कस्तुरीसारखा वास येतो, असे तो म्हणतो. ही गावे त्या काळच्या जगाला ठाऊक होती, कारण ती सुरतेच्या वाटेवर होती.

६/
या वाटेने तेव्हा मुख्यतः कापड जात असे. खानदेशातील विणकरांचा माल सुरतेच्या बंदरात पोहोचे आणि तेथून इराण, अरबस्तान आणि युरोपच्या बाजारांत. सतराव्या शतकात इंग्रजांनी धरणगावासारख्या आतल्या ठिकाणी वखार घातली, ती या कापडासाठीच. शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७०च्या सुरत स्वाऱ्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. त्या शहराच्या श्रीमंतीचा एक धागा खानदेशातील हातमागांवरून आलेला होता, हे मात्र पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही.

७/
हा प्रवाह एकोणिसाव्या शतकात दुसरीकडे वळला. १८६०च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत आली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि खानदेशच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. हा कापूस रेल्वेने थेट मुंबईस जाऊ लागला. विलायती कापडापुढे हातमाग मागे पडला. तयार माल पाठवणारा प्रदेश कच्चा माल पाठवू लागला आणि सुरतेऐवजी मुंबई त्याची बाजारपेठ झाली.

८/
सुरतेकडची जुनी वाट पुन्हा उघडली ती ताप्ती व्हॅली रेल्वेने. सुरत ते अमळनेर हा लोहमार्ग १८९९-१९००च्या सुमारास सुरू झाला आणि पुढे जळगावशी जोडला गेला. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार : ताव्हर्नियेच्या वाटेवरील गावेच आता स्थानके झाली. काळही ध्यानात घ्यावा. गुजरातेत ज्याला ‘छप्पनियो’ म्हणतात, तो संवत १९५६चा भीषण दुष्काळ याच वर्षांतला. लोहमार्ग घातला गेला कापसासाठी. पण तिसऱ्या वर्गाचा डबा जोडलेल्या गाडीत माणसेही बसतात. पुढे दोन-तीन पिढ्यांनी सुरतेचा रस्ता याच गाडीच्या खिडकीतून पाहिला.

९/
येथे एक शंका रास्त आहे. कापूस खानदेशात पिकत होता, तर गिरण्या खानदेशातच का उभ्या राहिल्या नाहीत? काही राहिल्याही. जळगावला एकोणिसाव्या शतकातच सूतगिरणी निघाली. अमळनेरची प्रताप मिल विसाव्या शतकाच्या आरंभीची, आणि धुळ्यातही गिरणी होती. परंतु पिकणाऱ्या कापसाच्या मानाने हे उद्योग थोडे होते आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेही खालावत गेले. ज्या वर्षांत खानदेशात गिरण्यांचे भोंगे क्षीण होत होते, त्याच वर्षांत तापीच्या मुखाशी यंत्रमागांचा खडखडाट वाढत होता.

१०/
मध्ये १ मे १९६० हा दिवस येतो. तोवर खानदेश आणि सुरत एकाच मुंबई राज्यात होते. त्या दिवशी दोन राज्ये झाली. पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा या तालुक्यांतील काही गावे गुजरातेत गेली. नवापूर रेल्वे स्थानकाचा फलाट तर दोन राज्यांत विभागला गेला : त्याच फलाटावर चार पावले चालले की राज्य बदलते. आज लोक तेथे हौसेने छायाचित्रे काढतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तेथे एवढेच लक्षात घ्यावे, की या ठिकाणी वाट आधीची आहे आणि सीमा नंतरची. सुरतेस जाणारा खानदेशी माणूस ‘परप्रांतात’ जाऊ लागला तो १९६०नंतर. त्याआधी तो फक्त सुरतेस जात असे.

११/
स्थलांतराचा पहिला मोठा ओघ शहरात नव्हे, उसाच्या फडात गेला. बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्यांना तोडणीसाठी मजूर हवे होते आणि ते प्रामुख्याने खानदेशातून आणले गेले. भूमिहीन व आदिवासी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेत, दिवाळीच्या सुमारास निघत आणि उन्हाळ्यात परतत. तोडणारा पुरुष, मोळ्या बांधणारी स्त्री आणि हाताखालचे पोर मिळून एक ‘कोयता’ मोजला जाई. माणसांची गणना अवजारावरून होत असे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकात या मजुरांचे हाल विस्ताराने नोंदवले. १९२८च्या सत्याग्रहामुळे शेतकऱ्यांच्या स्वाभिमानाचे प्रतीक बनलेल्या बारडोलीचा हाही इतिहास आहे.

१२/
ऊसतोडीला गेलेला माणूस गावी परत येतो. मागावर गेलेला हळूहळू तेथला होतो. हा दुसरा ओघ १९७२च्या दुष्काळानंतर बळावला. अल्पभूधारक शेतकऱ्यांची, कारागीर जातींची मुले आता शहराकडे निघाली. त्यांना सामावून घेणारे शहर कसे वाढले, ते जनगणनेच्या आकड्यांतून पाहावे. सुरत : १९६१मध्ये २.८८ लाख, १९७१मध्ये ४.७२ लाख, १९८१मध्ये ७.७७ लाख, १९९१मध्ये १४.९९ लाख, २००१मध्ये २४.३४ लाख. दर १० वर्षांनी जवळजवळ नवे शहर उभे राहत होते.

१३/
हे शहर वाढले कृत्रिम धाग्याच्या कापडावर. स्वस्त, न चुरगळणारी, रंगीत छापील साडी देशभर खपू लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. गिरण्यांची सद्दी संपत गेली आणि कापडाचे उत्पादन भिवंडी, सुरत अशा यंत्रमागांच्या शहरांकडे अधिकाधिक सरकले. सुरतेत कामाच्या वाटण्या पडल्या. हिऱ्यांच्या घंटीवर सौराष्ट्रातले कारागीर, मागावर मोठ्या संख्येने ओडिशातील गंजामचे. खानदेशी माणूस मागावरही होता, पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्येही, रिक्षावर आणि भाजीच्या गाडीवरही. १२-१२ तासांची पाळी, दिवसाची किंवा रात्रीची. एकाच खाटेवर दिवसा एक झोपे आणि रात्री दुसरा.

१४/
मग वसाहती आल्या. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम ही एकेकाळची शहराबाहेरची खेडी. तेथील शेते तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली, त्यांवर अरुंद गल्ल्यांच्या ‘सोसायट्या’ पडल्या. नळ, गटार आणि रस्ता पुष्कळदा घरानंतर आला. ज्या गावातला एकजण आधी गेला, त्याच्या खोलीवर गावातले दुसरे चार उतरले. त्यातून एकेका गल्लीत एकेका तालुक्याची, कधी एकेका गावाची माणसे जमली. कापडाच्या धंद्याने घरातही शिरकाव केला. साडीला लेस आणि टिकल्या लावणे, सुटे धागे कापणे, घड्या घालणे : ही कामे बायकांनी उंबऱ्याच्या आत बसून नगावर केली. या श्रमाची हजेरी कोणत्याही मस्टरवर नाही.

१५/
वस्ती शहराची झाली का, याची परीक्षा संकटात होते. सप्टेंबर १९९४मध्ये पावसाळी पुरानंतर सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांतच लाखो लोकांनी शहर सोडले. ज्यांना गाव होते, ते गावाकडे निघाले. त्या गर्दीत कामगारवस्त्यांतील माणसे मोठ्या संख्येने होती. साथ ओसरली, पुढल्या वर्षी आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात शहराच्या स्वच्छतेचा कायापालट झाला आणि त्याची देशभर वाखाणणी झाली. पळालेली माणसे परत आली. माझ्या मते या समाजाच्या इतिहासात जाण्यापेक्षा हे परत येणे महत्त्वाचे आहे. जीव वाचवायला गाव होते. जगायला मात्र सुरत.

१६/
दुसरी परीक्षा ऑगस्ट २००६ची. १९७२मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणातून प्रचंड विसर्ग झाला आणि सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. उकाईच्या जलाशयाखाली आधीच तापीकाठची अनेक आदिवासी गावे गेली होती. आता धरणाखालचे शहर बुडाले. उकाईत येणारे पाणी खानदेशातूनच वाहत येते. भुसावळजवळ हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, की सुरतेत नदीच्या पातळीकडे डोळे लागतात. गावी पडलेला पाऊस काही दिवसांनी आपल्याच नातेवाइकांच्या शहरात पोहोचतो. राज्ये दोन झाली, खोरे एकच राहिले.

१७/
आता भाषा. अहिराणीला मराठीची बोली मानण्याचा आपला प्रघात आहे. परंतु ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीला भिल्ली भाषांबरोबर, म्हणजे गुजरातीच्या शेजारी बसवले. वर्गीकरणाचा वाद बाजूला ठेवून एकच उदाहरण पाहावे. प्रमाण मराठीत ‘गावाची शाळा’, अहिराणीत ‘गावनी शाळा’, गुजरातीत ‘गामनी शाळा’. षष्ठीचे ना-नी-नं हे प्रत्यय अहिराणी आणि गुजराती यांच्यात सामाईक वाटावेत इतके जवळचे. पुण्यात ज्या बोलीला हसू येते, ती बोलणाऱ्याला सुरतेत बाजार करताना फार अडत नाही. पावले पश्चिमेला वळण्याचे हेही एक कारण असावे.

१८/
या उपनगरांची ओळख पाहायची, तर श्रावणात जावे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते. घरातील पुरुषांच्या संख्येनुसार सव्वा-सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्या पिठाचे रोट होतात आणि ते भाऊबंदांतच संपवायचे असतात. सोमवारी वाजतगाजत विसर्जन. गावाकडे हा भाऊबंदकी एकत्र आणणारा उत्सव. डिंडोली-नवागामच्या गल्ल्यांतही तो मोठ्या उत्साहाने होतो. एक भाऊ धुळे जिल्ह्यातल्या गावी आणि दुसरा लिंबायतला असला, तर गहू कोठे मोजायचे, हा प्रश्न दरवर्षी पडतो. एखाद्या घराचा ‘मूळ पत्ता’ कधी बदलला, हे रेशनकार्डापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावरून अधिक नेमके कळेल.

१९/
संख्येचे रूपांतर सत्तेतही झाले. २००८च्या मतदारसंघ फेररचनेनंतर लिंबायत हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाला. २०१२पासून तेथून संगीता पाटील निवडून येत आहेत. लिंबायत आणि उधना ज्यात येतात, त्या नवसारी लोकसभा मतदारसंघाचे २००९पासूनचे खासदार सी. आर. पाटील हे मूळचे जळगाव जिल्ह्यातले. २०१९मध्ये ते ६.८९ लाख मतांच्या फरकाने जिंकले, त्या निवडणुकीतील देशातील सर्वाधिक फरकाने. पुढे ते गुजरातेत आपल्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले. पक्ष कोणताही असो, ‘पाटील’ आडनावाचा मराठी माणूस गुजरातच्या राजकारणाच्या मध्यभागी पोहोचला, त्यामागे या उपनगरांच्या दोन पिढ्या आहेत.

२०/
एक वर्तुळ येथे पूर्ण होते. आज खानदेशात लग्न ठरले, की पुष्कळ घरांतील मंडळी बस्ता बांधायला सुरतेस जातात. रिंग रोडच्या बाजारातून साड्यांचे गठ्ठे घेऊन नंदुरबार-अमळनेरच्या गाडीत बसतात. चारशे वर्षांपूर्वी खानदेशचे कापड या वाटेने सुरतेस जात होते. आता सुरतेचे कापड त्याच वाटेने खानदेशात येते. आणि त्याच्या रंगात, लेसमध्ये, घडीत खानदेशी माणसांचेच हात लागलेले असतात. आधी कापड गेले, मग कापूस गेला, मग माणसे गेली. प्रत्येक वेळी खानदेशाने जे पाठवले, त्यावर मूल्य चढले ते दुसऱ्या टोकाला.

२१/
या समाजाचा इतिहास लिहिणार कोण, हा खरा प्रश्न आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात स्थलांतर म्हणजे कोकण ते गिरणगाव. तेथील चाळी, संप, शाहिरी, सर्वांवर ग्रंथ आहेत आणि ते असायलाच हवेत. सुरतेस गेलेला खानदेशी माणूस त्या कथेत बसत नाही, कारण तो राज्याबाहेर गेला. सुरतेच्या इतिहासात बंदर आहे, वखारी आहेत, जरी आणि हिरे आहेत. तेथे तो ‘बाहेरून आलेला’. दोन्हीकडच्या पुस्तकांत त्याच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो.

२२/
आणि वेळ थोडा आहे. १९७०च्या दशकात विशीत सुरतेस गेलेली पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. त्यांची नातवंडे नगरपालिकेच्या मराठी शाळेऐवजी गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकताना दिसतात. अहिराणी त्यांना समजते, पण उत्तर ती दुसऱ्या भाषेत देतात. यात कोणाचा दोष नाही. मात्र पहिल्यांदा कोणत्या गाडीने गेलात, कोणाच्या खोलीवर उतरलात, मागावर पहिला पगार किती मिळाला, १९९४मध्ये गावाने दारात घेतले की वेशीवर थांबवले, या प्रश्नांची उत्तरे दफ्तरखान्यात मिळणार नाहीत. ती अजून काही वर्षे फक्त माणसांपाशी आहेत.

२३/
हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचे मामा, आत्या, चुलते उधना-लिंबायतला असतील. पुढच्या वेळी जाल तेव्हा आजोबांना किंवा मोठ्या काकांना हे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच अहिराणीत लिहून ठेवावीत. मिलचा जुना पास, हजेरीचे कार्ड, गावी पाठवलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या सापडल्या, तर टाकू नयेत. थाळनेरचा किल्ला आणि बुऱ्हाणपूरचे महाल जितके खानदेशच्या इतिहासाचे साधन, तितकीच डिंडोलीच्या खोलीतली ती पत्र्याची पेटीही.

(समाप्त)